रिकामा धावलेला धोटा

मित्रांनो, मला हातात घेतलेत तर सर्वांत आधी माझे पोट दिसेल. ते रिकामे आहे. होडीसारखे लांबट लाकूड, दोन्ही टोकांना लोखंडाची टोपणे, मधोमध कोरलेली खोबण आणि कडेला मुगाच्या दाण्याएवढे एक भोक. मुले मला होडी समजून बादलीत सोडू पाहतात. मोठी माणसे माझ्या पोटात पेने ठेवतात. मला कुणाचाच राग येत नाही, कारण मी कोण हे ओळखणारी माणसे आता फारशी उरलेली नाहीत. मी एक जुना धोटा आहे. हातमागावर आडवे सूत या काठावरून त्या काठावर न्यायचे आणि परत यायचे, एवढेच माझे काम. माझी गोष्ट मात्र मागावर संपली नाही. तिथेच संपली असती तर बरे झाले असते, असे मला पुष्कळदा वाटते.

दाराच्या चौकटीतून उरलेल्या लाकडातून एका सुताराने मला घडवले. तासून झाल्यावर त्याने मला तेल पाजले आणि डोळे मिटून माझ्या अंगावरून अंगठा फिरवला. एका जागी तो थांबला. "इथं बोटाला लागतंय," तो स्वतःशीच म्हणाला, "म्हणजे इथं सूत तुटणार." त्याने तेवढी जागा पुन्हा घासली. डोळे मिटूनच. डोळ्यांना गुळगुळीत दिसते ते बोटाला टोचू शकते, हे मी जन्माच्या दिवशीच शिकलो.

तिथून मी विणकराच्या घरी आलो. माझ्या पोटात सुताने भरलेली कांडी बसे, भोकातून सुताचे टोक बाहेर येई, आणि विणकराने दोरी ओढली की मी उभ्या सुतांमधल्या वाटेने सणकन पलीकडे जाई. सूत घट्ट बसावे म्हणून फणी ठोकली जाई. मग मी परत. दिवसभर खट-खट, खट-खट. त्या तालावर विणकर गुणगुणत असे:

इकडून तिकडे जा रे धोट्या, सुताचा निरोप ने
तिकडून इकडे येताना रे, त्यांचाही घेऊन ये

मागाखाली बसून त्याची लेक पाढे पाठ करी. माझ्या खट-खटीवर तिचे पाढे चालत आणि मी थांबलो की तेही अडखळत. एका दुपारी तिने हट्ट धरला आणि विणकराने तिला मागावर बसवले. पोरगी हुशार. घटकाभरातच हात बसला. मग तिला चेव आला आणि मी असा काही धावू लागलो की विचारू नका. आतल्या खोलीतून विणकराची हाक आली, "थांब गं. सूत संपलंय."

खरेच कांडी मोकळी झाली होती. "तुम्हाला आतून कसं कळलं, बाबा?"

"रिकामा धोटा हलका वाजतो. धावतो मात्र झकास. भरलेल्यापेक्षा जोरात धावतो. पण कापड सरकत नाही पुढं."

लेक हसली आणि खेळायला पळाली. ती विसरली असेल. मी विसरलो नाही, कारण ते रिकामे धावणे माझे होते.

पुढे गिरणीच्या कापडापुढे हातमाग टिकला नाही. माग सुटा होऊन दारातून बाहेर गेला. फणी गेली, दोऱ्या गेल्या. मला तेवढे विणकराने ठेवून घेतले. मी फळीवर पडून राहिलो. शेजारी आधी पाढ्यांचे पुस्तक होते, मग लेकीची कॉलेजची पुस्तके आली, मग ती गेली आणि औषधांच्या बाटल्या आल्या. विणकराची मूत्रपिंडे थकली होती. आठवड्यातून तीनदा, सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी, त्याला डायलिसिस केंद्रावर जाऊन चार तास रक्त धुऊन घ्यावे लागे. एक हात यंत्राला बांधलेला. दुसऱ्या हाताला चाळा म्हणून लेकीने एक दिवस मला पर्समध्ये घालून तिथे नेले. विणकराने मला मुठीत धरले आणि बऱ्याच वर्षांनी मला माझे वजन कळले.

शेजारच्या खुर्चीवर एक निवृत्त बसचालक असत. सगळे त्यांना ड्रायव्हरकाका म्हणत. यंत्राला ते गाडी म्हणायचे. नळ्या जोडून झाल्या की ओरडायचे, "चला विणकरभाऊ, सुटली गाडी! तिकीट काढलंत का?" विणकर मला उंच धरून दाखवी. "पास आहे आपला!" मग काका माझ्या पोटात फुंकर घालून हॉर्न वाजवायचे. पोकळ, बसक्या आवाजाचा तो हॉर्न ऐकून सिस्टरही हसत. काका एकटेच राहायचे. त्यांच्याकडे फोन नव्हता. खालच्या इस्त्रीच्या दुकानातला जुना, तारेचा फोन हाच त्यांचा नंबर. केंद्रावरून रोज संध्याकाळी सिस्टर एकेका पेशंटला फोन करून विचारायच्या, "उद्या येणार ना?" इस्त्रीवाली दारातून वर तोंड करून तेच ओरडायची, आणि काका गॅलरीतून हात हलवायचे. एवढ्या साध्या दोरीला त्यांची खुर्ची बांधलेली होती.

कुणाची खुर्ची कोणती, हे लिहायची सिस्टरांची वही मात्र फाटायला आली होती. एका खुर्चीवर दोन नावे, खाडाखोड, रोज चाळीस फोन. विणकराची लेक वडिलांजवळ बसल्या बसल्या ते पाहायची. संगणकाचे प्रोग्राम बनवणाऱ्या एका कंपनीत ती आता एका गटाची प्रमुख होती. गटातले सगळे तिला ताई म्हणत. मीही तसेच म्हणतो. एक दिवस ती म्हणाली, "सिस्टर, ही वही आमच्यावर सोपवा. आम्ही करून देतो."

अशा रीतीने, मित्रांनो, माझ्या दुसऱ्या जन्माची तयारी झाली.

ताईच्या गटात सहा माणसे होती. रोज सकाळी साडेदहाला ती गोल करून उभी राहत. बसली की बोलणे लांबते, म्हणून उभ्याने. प्रत्येकाने तीनच गोष्टी सांगायच्या: काल काय केले, आज काय करणार, आणि कुठे अडले आहे. रीत चांगली होती, पण सगळे एकदम बोलत. त्यांत एक उंच, हुशार प्रोग्रामर होता. त्याला लांब्या म्हणत. तो दुसऱ्याचे वाक्य अर्ध्यात उचलून स्वतःच पुरे करी. एका सकाळी वैतागून ताईने पर्स उघडली आणि मला बाहेर काढले.

"हा धोटा ज्याच्या हातात, तो बोलेल. बाकीच्यांनी फक्त ऐकायचं. लांब्या, तू सुद्धा."

"म्हणजे लाकडाला मान, आम्हाला नाही?"

"लाकूड मधे बोलत नाही," ताई म्हणाली. सगळे हसले, लांब्याही हसला.

काय सांगू ते पहिले महिने! मी पुन्हा या काठावरून त्या काठावर जाऊ लागलो. पडद्यावरची चित्रे आखणारा एक लाजाळू मुलगा होता. त्याने एकदा मला घट्ट धरले आणि खाली पाहत म्हणाला, "दोन दिवस झाले, मला जमत नाहीये. सांगायची लाज वाटत होती." त्याच्या घामाने मी ओला झालो. मीटिंग संपल्यावर दोघे जण त्याच्या टेबलाशी जाऊन बसले आणि जेवणाच्या सुट्टीआधी गाठ सुटली. दर पंधरा दिवसांनी जेवढे तयार असेल तेवढेच घेऊन ते सिस्टरांकडे जात. सिस्टर बटणे दाबून बघत आणि सांगत, "हे अक्षर मला चष्म्याशिवाय दिसत नाही," किंवा, "हे बटण असं जवळ नको, घाईत चुकून लागेल." लगेच दुरुस्ती होई. थोडे विणावे, ज्याला नेसायचे त्याच्या अंगाला लावून बघावे, मग पुढे विणावे. मला वाटे, माझ्या पोटात पुन्हा कांडी बसली आहे.

ताईने हे सगळे केंद्रावर सांगितले तेव्हा ड्रायव्हरकाका खूश झाले. "म्हणजे आमच्या कंडक्टरची घंटी की! दोरी ज्याच्या हातात, त्याचं ऐकायचं." विणकराने मात्र मला कानाशी नेऊन हलवले आणि विचारले, "हातात घेऊन बोलतात ना गं? की नुसता फिरवतात?"

"बोलतात हो, बाबा."

तेव्हा बोलत होते.

गटातली सहावी व्यक्ती खोलीत नसे. ती भिंतीवरच्या पडद्यावर असे. केलेले काम तपासून त्यातल्या चुका शोधणे हे तिचे काम. तिची आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून ती घरूनच काम करी. "पण असं झालं तर?" हे तिचे नेहमीचे वाक्य, त्यामुळे लांब्याने तिचे नाव शंकाबाई ठेवले होते. ती हसून घेई. आणि मित्रांनो, आमच्या नियमात एक मोठे भोक होते. पडद्यातल्या माणसाला धोटा हातात देता येत नाही. म्हणून ठरले की शेवटच्या माणसाने मला पडद्यासमोर धरायचे, मग शंकाबाई बोलेल. म्हणजे ती रोज शेवटची. सगळ्यांची कामे डोक्यात घोळू लागलेली, पाय दाराकडे वळलेले, अशा वेळी तिची पाळी.

त्यातच वरच्या मजल्यावरचे साहेब एकदा खाली आले. घड्याळ पाहून म्हणाले, "बाकीच्या गटांची मीटिंग अर्धा तास चालते. तुमची बारा मिनिटं? वा!" ताई सुखावली. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. पण दुसऱ्या दिवसापासून भिंतीवर काळ्या शाईने मिनिटांचा आकडा लिहिला जाऊ लागला. बारा. दहा. आठ. मी हातांतून इतक्या भराभर जाऊ लागलो की कुणाचा हात गरम, कुणाचा थंड, हे कळायच्या आत पुढचा हात येई. "कालचंच काम, आजही तेच, अडचण नाही." "चालू आहे, अडचण नाही." "अडचण नाही." लाजाळू मुलानेही तेच म्हणायला सुरुवात केली, त्याच्या तळव्याचा घाम मात्र पूर्वीसारखाच होता. मी धावत होतो झकास. भरलेला असताना धावायचो त्याहून जोरात. मला तो हलका आवाज ओळखीचा वाटत होता, पण ज्याला तो ऐकू आला असता तो माणूस तिथे नव्हता.

आता ती गोष्ट सांगतो. प्रोग्राम आदल्या दिवशी प्रत्येक पेशंटच्या फोनवर निरोप पाठवणार होता: उद्या येणार असाल तर एक दाबा. संध्याकाळपर्यंत उत्तर आले नाही, तर तो माणूस येत नाही असे समजून त्याची खुर्ची दुसऱ्याला द्यायची. शंकाबाई तपासता तपासता एका जागी थांबली. डोळे मिटून अंगठा फिरवणाऱ्या सुतारासारखी. तारेच्या फोनवर असा निरोप पोहोचतच नाही. मग उत्तर कुठून येणार? तिने यादी काढली. अकरा पेशंट असे होते.

बुधवारी तिने तोंड उघडले. "पण एखाद्याच्या फोनवर निरोपच गेला नाही तर..."

"शंकाबाई," लांब्या मला पडद्यासमोर हलवत म्हणाला, "तुमच्याकडे शंका घाऊक येतात की किरकोळ?" हशा पिकला. ताईही हसली. "लिहून ठेव ना फळ्यावर, आपण बघू," ती म्हणाली.

शंकाबाईने लिहिले. संगणकावर त्यांचा एक फळा होता, कामांच्या चिठ्ठ्या लावायचा. तिच्या पिवळ्या चिठ्ठीवर कुणीतरी न वाचता हात फिरवला आणि ती "नंतर पाहू" या खणात गेली. तिथे आधीच दोनशे चिठ्ठ्या होत्या.

गुरुवारी लांब्याने मला पडद्यापर्यंत नेलेच नाही. बोलून झाल्यावर मला टेबलावर ठेवले आणि ताई आनंदाने म्हणाली, "सहा मिनिटं! विक्रम!" पडद्यावर शंकाबाईचे ओठ हलत होते. टाळ्यांत ते कुणी पाहिले नाही. मी पाहिले. माझे तोंड पडद्याकडेच होते.

शुक्रवारी प्रोग्राम द्यायच्या आधीची शेवटची मीटिंग. सिस्टरांना शेवटचा भाग दाखवायचा राहिलाच होता. घाईत तेवढे एक राहून गेले. मला पडद्यासमोर धरून कुणीतरी विचारले, "काही अडचण?" शंकाबाईच्या हातात एक कागद होता. उजेड मागून येत होता, त्यामुळे त्यावरची अकरा नावे मला आरपार, उलटी दिसत होती. ती माझ्याकडे बघत राहिली. मागे खुर्च्या सरकल्या. कुणीतरी बॅग खांद्याला लावली. तिच्या घरातून आईची हाक आली.

"नाही," ती म्हणाली. "काही नाही."

मित्रांनो, मला दोन तोंडे आहेत, पण जीभ एकही नाही. त्या दिवसाइतके ते मला कधीच टोचले नव्हते.

शनिवारी प्रोग्राम केंद्रावर चालू झाला. सिस्टरांनी वही कपाटात ठेवली आणि संध्याकाळचे फोन बंद केले. ताईच्या बाबांची काळजी नव्हती, कारण त्यांच्या नावापुढे ताईचाच नंबर होता. रविवारी निरोप आला आणि तिने मिनिटाच्या आत एक दाबला.

सोमवारी सकाळी ताई केंद्राच्या दारात गाडी उभी करून साहेबांशी फोनवर बोलत राहिली. विणकर मला मुठीत धरून एकटाच आत गेला. काउंटरपाशी ड्रायव्हरकाका उभे होते. त्यांच्या खुर्चीवर दुसरेच कुणी बसलेले.

"काय हो, गाडी सोडली का?" विणकराने विचारले.

"नाव नाही म्हणतात यादीत. कॉम्प्युटरनं काढलंय. बुधवारी या म्हणाले."

"माझ्या खुर्चीवर बसा. मी बुधवारी येतो."

"छे छे. भरल्या गाडीत मी कधी कुणाला घेतलं नाही, विणकरभाऊ. पुढची गाडी बघा म्हणायचो. आज मला म्हणाले, एवढंच." काका हसले. त्यांचे घोटे सुजलेले होते. जाताना त्यांनी मला हातात घेतले आणि पोटात फुंकर घातली, पण दम पुरला नाही. हॉर्न वाजला नाही.

ताई लगबगीने आली. "बाबा, धोटा द्या, मला उशीर झालाय."

"अगं, ऐक तर. आपले ड्रायव्हर..."

"संध्याकाळी सांगा हं!"

तिने मला पर्समध्ये टाकले. संध्याकाळी ती आली तेव्हा विणकर थकून झोपला होता. सकाळी ती लवकर निघाली. दोन दिवस तो निरोप माझ्यासोबत त्याच पर्समध्ये किल्ल्या आणि रुमालाखाली पडून होता आणि मला तो देता येत नव्हता.

बुधवारी साहेबांनी कामाच्या यशासाठी केक आणला. ताईला सवड नव्हती, म्हणून विणकराला शेजाऱ्यांनी केंद्रावर पोहोचवले. मला केकशेजारी ठेवून फोटो काढला. पडद्यावर शंकाबाईही होती. गोंगाट नको म्हणून कुणीतरी तिचा आवाज बंद केला होता.

शुक्रवारी ताई वडिलांबरोबर आत आली. ड्रायव्हरकाकांची खुर्ची रिकामी होती. सिस्टरांनी विणकराच्या दंडाला पट्टा बांधला आणि मान वर न करता सांगितले, "काका काल पहाटे गेले. छातीत पाणी भरलं होतं. इस्त्रीवालीला जिन्यात सापडले."

विणकराने मान वळवून त्या खुर्चीकडे पाहिले. मग म्हणाला, "बुधवारी सुद्धा परत पाठवलं त्याला. कॉम्प्युटरनं परत नाव काढलं, खुर्ची दुसऱ्याला दिली म्हणे. फोनवर उत्तर दिलं नाही म्हणून." यंत्र घरघरत होते. "त्याच्याकडे फोन नव्हता, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं गं. मी तुला सांगणार होतो. तुम्ही करून दिलेल्या वहीत हे असलं कुणी घुसडलं?"

ताईने पायांकडे पाहिले, खिडकीकडे पाहिले. विणकराने तिच्याकडे पाहिले, आणि त्याला कळले. मागाखाली वाढवलेली लेक. तिचे अडखळणे त्याला आतल्या खोलीतूनही कळायचे. तो ओरडला नाही. त्याने पर्सकडे हात केला, स्वतःच मला बाहेर काढले आणि तिच्या हातात दिले.

"घे," तो म्हणाला. "ज्याच्या हातात असतो तो बोलतो ना? बोल."

ती बोलली. रडत, थांबत, सगळे. मिनिटांचे आकडे, हशा, "लिहून ठेव", "संध्याकाळी सांगा". विणकराने मधे एक शब्द काढला नाही. तिचे संपल्यावर एवढेच म्हणाला, "आता हे तिथं जाऊन बोल. मी ऐकून काय उपयोग?"

त्या दिवशी साडेदहाला गोल झाला. ताईने मला दोन्ही हातांत धरले होते. "आज मी आधी बोलते," ती म्हणाली, आणि ड्रायव्हरकाकांचे सांगितले. हॉर्नचेही सांगितले. मला माझेच लाकूड तडकल्याचा भास झाला.

लांब्या अखेर म्हणाला, "पण हे कुणी नोंदवलंच नव्हतं..."

"होतं." पडद्यातून आवाज आला. शंकाबाईने तो घडीचा कागद उलगडला. "‘नंतर पाहू’च्या खणात आहे. मागच्या बुधवारची चिठ्ठी. चौथं नाव त्यांचं." तिने कागद खाली ठेवला. "मागच्या शुक्रवारी मला विचारलं होतं तुम्ही. मी नाही म्हणाले. मी बोलायला हवं होतं."

"तू तीन दिवस बोलत होतीस," ताई म्हणाली. "आम्ही धोटा फिरवत होतो."

लांब्या भिंतीपाशी गेला आणि मिनिटांचे सगळे आकडे तळहाताने पुसले. हात काळा झाला. तो तसाच घेऊन उभा राहिला.

प्रोग्राम त्याच तासाला बंद केला गेला. वही कपाटातून बाहेर आली. उरलेल्या दहा जणांना सिस्टरांनी आणि गटातल्या प्रत्येकाने मिळून फोन केले, सगळे सापडले. मग दुरुस्ती झाली. आता उत्तर आले नाही तर खुर्ची काढली जात नाही, ते नाव सिस्टरांच्या यादीत जाते आणि कुणीतरी माणूस माणसाला फोन करतो. दुरुस्तीला किती वेळ लागला म्हणाल तर अर्धा दिवस. मला राहून राहून एक गोष्ट छळते. तो प्रोग्राम त्याच्या बनवणाऱ्यांसारखाच होता. समोरून उत्तर आले नाही की तो नकार समजायचा. गटही तेच करत होता. कुणी गप्प राहिले, की अडचण नाही असे समजून पुढे.

पुढच्या आठवड्यात ताईने मला कापडात गुंडाळून शंकाबाईच्या घरी पाठवले. मग मीटिंग तिच्यापासून सुरू होऊ लागली. ती मला पडद्यासमोर धरी, तेव्हा खोलीतल्यांना आपले हात मोकळे असल्याचे कळे. "काही अडचण?" विचारल्यावर दहा श्वास थांबायचे, असे ठरले. बहुतेक वेळा सातव्या-आठव्या श्वासाला कुणीतरी बोले. वाईट बातमी त्याच दिवशी सांगायची. फळ्यावर चिठ्ठी लावली म्हणजे सांगून झाले असे मानायचे नाही. ज्याला कळायला हवे त्याला तोंडाने सांगायचे आणि त्याला काय कळले ते परत ऐकायचे. दर सोमवारी सिस्टर गोलात येऊन उभ्या राहत. आणि शंकाबाईला कुणी शंकाबाई म्हणेनासे झाले. या शेवटच्या गोष्टीचे तिला थोडे वाईट वाटले असावे.

सगळे चांगले झाले असे मी म्हणणार नाही. चांगले झाले, पण उशिरा. लांब्या दोन महिन्यांत नोकरी सोडून गेला. वर्षभराने साहेबांनी गटच मोडला, माणसे इकडेतिकडे विखुरली. विणकर त्या केंद्रावर आणखी एक हिवाळा गेला. शेजारच्या खुर्चीवर नवे माणूस बसे, पण गाडी सुटल्याची आरोळी कुणी दिली नाही. मग त्याचीही खुर्ची रिकामी झाली. त्यानंतर एकदा ताई शंकाबाईला भेटायला आली. तिने मला उचलले, कानाशी नेऊन हलवले, आणि परत ठेवले. "तुझ्याकडेच राहू दे," म्हणाली.

म्हणून मी आता इथे आहे, शंकाबाईच्या टेबलावर, खिडकीखाली. माझे टोपण गंजले आहे आणि सुताराने दोनदा घासलेल्या जागी एक चीर गेली आहे. मला तेल लावा, पुसून ठेवा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. लाकूड आहे, एक दिवस जाईल. तुम्ही शाळेत गट करून काही करत असाल, उद्या मोठे होऊन दहा जणांबरोबर काम कराल, तेव्हा एवढे करा. शेवटी उभ्या असलेल्याला आधी विचारा. जो समोर नाही त्याला त्याहून आधी. आणि विचारून झाले की लगेच पाय दाराकडे वळवू नका.

शंकाबाईची आई गेली, तरी ती घरूनच काम करते. आता नवा गट आहे. पडद्यावर बारा चौकोन, त्यांतले नऊ काळे. तिथे मला कुणी ओळखत नाही. सगळे भराभर बोलतात, "अडचण नाही", "अडचण नाही", आणि मला माझा जुना हलका आवाज ऐकू येतो. आपली पाळी जवळ आली की ती टेबलाखाली मला मुठीत धरते. रोज. तिचा अंगठा त्या चिरेवर येऊन थांबतो. कालही थांबला होता.

"काही अडचण?" कुणीतरी विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता म्हणाले, "नाही ना? चला तर मग..."

तिची मूठ आवळली.

"आहे," ती म्हणाली. "थांबा. जरा वेळ लागेल."